आल्प द्यूएझ की माँ व्हाँतू?

जुलैत डवरणी आटोपली की आम्ही ओसरीत मोबाईल टेकवून बसतो. तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीतला घाटाचा टप्पा इथे रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास संपतो.

आल्प द्यूएझचा घाट म्हणजे जत्राच. १३.८ किलोमीटर, २१ वळणं. सातव्या वळणावर केशरी कपड्यांतले डच लोक जेमतेम सायकलपुरती वाट सोडतात.

माझं मत मात्र माँ व्हाँतूच्या घाटाला. बेदुआँ गावाकडून साधारण २१ किलोमीटर चढ. वाटेतल्या शाले रेनार या ठिकाणापर्यंत झाडी, मग नुसता पांढरा दगड, ऊन नि वारा. १९६७ मध्ये ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन इथेच कोसळला आणि गेला. वैशाखात उघड्या धुऱ्यावर उभं राहिलेल्याला ते ऊन समजावून सांगावं लागत नाही. तिथे मागे पडलेला एकटा गडी खांदे हलवत पेडल दाबतो, तेव्हा ओसरीत कोणी बोलत नाही.