बेस ॲम्पला ट्वीटर बंद करायचा स्विच का देत नाहीत? (वर्षभराच्या वापरानंतर)

शंभर वॉट, दहा इंची स्पीकर, वर ट्वीटर, म्हणजे उंच सूर वाजवणारा छोटा स्पीकर. बाकीचे स्पेक्स सगळीकडे आहेत, ते परत लिहीत नाही. कंपनीचं नावही घेत नाही, कारण या किमतीतल्या बऱ्याच कॉम्बोंत (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) हीच खोट आहे. मी बेस गिटारवर मेटल वाजवतो, ड्रॉप सीमध्ये (सगळ्यात जाड तार सी सुरापर्यंत उतरवून), दोन गिटारांसोबत, घोडबंदर रोडच्या एका जॅमरूममध्ये.

तक्रार एकच. ट्वीटर बंद करता येत नाही. क्लीन वाजवताना तो छान, पण ड्राइव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं डिस्टॉर्शन, चालू केला की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी चरचर. डिस्टॉर्शनमुळे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) भरमसाठ तयार होतात. गिटारच्या बारा इंची स्पीकरमध्ये साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या पुढचे बहुतेक गळून पडतात, ट्वीटर मात्र एकूणएक ऐकवतो. १९६९ साली आलेल्या अँपेग एसव्हीटी या बेस ॲम्पच्या आठ स्पीकरवाल्या कॅबिनेटला ट्वीटर नव्हताच, आणि तो गुरगुराट आजही लोक शोधत फिरतात! पहिले काही महिने ड्राइव्ह मी बंदच ठेवला होता. तेव्हा लिहिलं असतं तर दोन स्टार दिले असते.

मग एका जॅममध्ये ट्वीटर उडाला. मला कळायच्या आत गिटारवाला मागे वळला, "काय बदललंस रे? आज बेस कळतोय." एकही नॉब हलवला नव्हता. चरचर गेली होती आणि खाली दात असलेला आवाज उरला होता. माझं या ॲम्पबद्दलचं मत त्या संध्याकाळी बदललं.

सर्व्हिस सेंटरबद्दलचंही बदललं, पण उलट्या दिशेने. "सर, तुम्ही डिस्टॉर्शन वापरलंत म्हणून जळला, वॉरंटीत बसत नाही." अहो, ड्राइव्हचा नॉब तुम्हीच दिलाय ना? मेलवर मेल, फोनवर फोन. शेवटी पार्ट मिळाला, कुरिअरचा खर्च माझ्या माथी. हा राग अजून गेलेला नाही.

वॉरंटी संपल्यावर नौपाड्यात स्पीकर दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी ट्वीटरच्या वायरीत एक टॉगल स्विच टाकला, मागच्या पॅनलला भोक पाडून. मजुरीसकट दीडशे रुपये. कारखान्यात हाच स्विच किती स्वस्तात बसला असता!

आता ट्वीटर बंद असताना सेटिंग असं. बेसचा (खालच्या सुरांचा) नॉब मध्याच्या जरा खाली. ड्रॉप सीची खालची तार ३२.७ हर्ट्‌झची, दहा इंची स्पीकर ती नीट देतच नाही. आपण ऐकतो ते ६५, ९८ वगैरे हार्मोनिक्स, बाकीचं कान भरून काढतो. बेस चढवला की वॉट फुकट जातात आणि ड्रमच्या किकच्या अंगावर चिखल होतो. मिड, म्हणजे मधले सूर, ८०० हर्ट्‌झला धरून चढवलेले. घरी एकट्याने वाजवताना मिड काढलेला आवाज भारी वाटतो, बँडमध्ये तोच गायब होतो, कारण मधली जागा गिटार खातात. गेन (ड्राइव्ह किती, ते ठरवणारा नॉब) अर्ध्याच्या आत. ब्लेंडचा नॉब हा या ॲम्पचा खरा हिरा: डिस्टॉर्शनमध्ये खालचा भाग पातळ होतो, तो क्लीन सिग्नलने परत भरता येतो. निम्मा क्लीन, निम्मा घाणेरडा. आणि पिक (तार छेडायची पातळ चकती) वापरा, ब्रिजच्या, म्हणजे तारा गिटारच्या अंगाला अडकतात त्या पट्टीच्या, जवळ. तारा स्टीलच्या, ताज्या. ठाण्याच्या पावसाळ्यात त्या लवकर मरतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा, मगच केस बंद करा.

ॲम्पला चार स्टार, सर्व्हिसला एक. घ्यायला जाणार असाल तर दुकानात ड्राइव्ह पूर्ण चढवून ट्वीटरसमोर कान न्या, आणि मागच्या पॅनलवर स्विच आहे का ते आधी बघा. नसेल तर किमतीत तेवढे दीडशे धरा, पण वॉरंटी चालू असताना खोक्याला हात लावू नका.