छोट्या हॉलसाठी काय घ्यावं: सोफा, सोफा-कम-बेड, दिवाण की भारतीय बैठक?

वन-बीएचके फ्लॅटचा हॉल साधारण १० बाय १५ फुटांचा असतो. कागदावर १५० चौरस फूट. त्यातून मुख्य दरवाजा, स्वयंपाकघराकडे आणि बेडरूमकडे जायची वाट, शिवाय बाल्कनीचं सरकतं दार वजा केलं की फर्निचर टेकवायला जेमतेम दीड भिंत उरते. दुकानातला सोफा छान दिसतो, कारण तो हजार फुटांच्या दालनात मांडलेला असतो. त्यामुळे रंग, कापड, डिझाइन हे सगळं नंतर. आधी एकच ठरवा: रात्री या हॉलमध्ये कोणी झोपतं का, आणि झोपत असेल तर रोज की कधीमधी?

आता फुटांचा हिशोब. हॉलची रुंदी १० फूट, समोरच्या भिंतीला सव्वा फूट खोलीचं टीव्ही युनिट. तीन फूट खोलीचा थ्री-सीटर ठेवला की मधे पावणेसहा फूट उरतात. एल-आकाराच्या सोफ्याचा पाय पसरायचा भाग सव्वापाच फूट पुढे येतो, म्हणजे त्या बाजूला साडेतीन फूट. पुढे ओढायचा सोफा-कम-बेड दिवसा सोफ्याइतकीच जागा घेतो, पण उघडला की सहा फूट खातो आणि मधे पावणेतीन फूट राहतात. अडीच फुटी दिवाण दिवसा आणि रात्री तितकाच, सव्वासहा फूट मोकळे ठेवून. निम्मा निकाल या आकड्यांतच आहे.

एल-सोफ्याचं आधी आटपतो. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घरात गेलेल्या कुटुंबालाही पहिला मोह त्याचाच होणार, आणि तो समजण्यासारखा आहे. पण कोपऱ्यात बसणाऱ्याच्या पायाला जागा नसते, आणि गणपतीत मखर मांडायला हॉल रिकामा करायची वेळ आली की ते धूड सरकवायचं कुठे? सुटे होणारे तुकडे असतील आणि पाय पसरायचा भाग डावीकडे-उजवीकडे बदलता येत असेल तरच विचार करावा.

साधा थ्री-सीटर मला सगळ्यात सरळ वाटतो, पण रात्री कोणी झोपत नसेल तरच. त्यातही ज्याच्या खालून फरशी दिसते असा, सहा-सात इंच पायांचा घ्या. खोली मोठी भासते आणि केरसुणी, पोछा आतपर्यंत जातो. रुंद, गुबगुबीत हातांचे सोफे टाळा. दोन्ही हात नऊ-नऊ इंचांचे असले तर दीड फूट नुसता शोभेला गेला, तेवढ्यात एक माणूस बसतो. सोबत दुसरा टू-सीटर घेण्यापेक्षा उचलता येतील अशा दोन वेताच्या किंवा लाकडी खुर्च्या बऱ्या. हळदीकुंकवाला त्या सरळ बेडरूममध्ये जातात आणि हॉलभर सतरंजी पसरता येते.

सोफा-कम-बेडबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. विकताना ‘टू-इन-वन’ म्हणून विकतात, पण बसायला तो सोफ्याहून कडक आणि झोपायला पलंगाहून वाईट असतो. पाठ आडवी होऊन बेड बनणाऱ्या प्रकारात मधली फट नेमकी कमरेखाली किंवा पाठीखाली येते. ओढायच्या प्रकारात रोज रात्री टीपॉय हलवा, उशा काढा, चादर अंथरा आणि सकाळी हेच उलट करा. रोज हे कोण करणार? पंधरा दिवसांनी तो कायमचा उघडा राहतो किंवा कायमचा बंद. वसई, अलिबाग, रत्नागिरीसारख्या ठिकाणी खाऱ्या हवेनं आतली लोखंडी यंत्रणा गंजते, हा आणखी एक ताप. तो शोभतो एकाच घरात: शनिवार-रविवारी हॉस्टेलवरून येणारा मुलगा किंवा महिन्यातून दोन-तीनदा मुक्कामाला येणारे सासू-सासरे. वर्षातून एकदा, मे महिन्यात गावाहून पाहुणे येणार असतील तर त्यासाठी यंत्रणेचे जास्तीचे पैसे कशाला? साधा सोफा आणि तिघडी होणारी गादी पुरते. गादी कपाटावर जाते.

दिवाणाला आजकाल ‘जुन्या वळणाचा’ म्हणून नाक मुरडतात. रोज हॉलमध्ये कोणी झोपत असेल, आजी असो की बारावीतला मुलगा, तर माझ्या मते दुसरा पर्यायच नाही. सव्वासहा बाय अडीच फुटांच्या दिवाणाखाली साधारण ४०० लिटर साठवण मिळते: पांघरुणं, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीची आरास सगळं आत. गादी खराब झाली तर नुसती गादी बदलायची, अख्खं फर्निचर नाही.

खोट आहे ती बसण्यात. आरामात टेकून बसायला वीस-बावीस इंच खोली लागते, दिवाण तीस इंचांचा. पाठ टेकली की पाय लोंबकळतात. उपाय सोपा आहे: भिंतीलगत आठ इंच जाडीचे दोन लोड. लोडांना पैठणी काठाचे किंवा साध्या खणाचे अभ्रे चढवा, गादीवर एकरंगी जाड चादर ताणून घाला. सोफ्याहून देखणा दिसतो. बैठकीची उंची गादीसकट १८ इंच ठेवा, गुडघे दुखणाऱ्यांना उठताना त्रास होत नाही. झाकण वर उघडणारा बॉक्स असेल तर काही काढायचं म्हणजे बसलेल्यांना उठवावं लागतं. समोरून ड्रॉवर हवे असतील तर पुढे दोन फूट मोकळे लागतात. मी रोजच्या वस्तूंसाठी एक ड्रॉवर आणि बाकी झाकण असं सुचवेन. सुताराला पाठीमागच्या फळीत हवेसाठी भोकं पाडायला सांगा आणि दिवाण भिंतीपासून दोन इंच सोडा. नाहीतर पावसाळ्यात आतल्या पांघरुणांना कुबट वास येणारच.

चौथा पर्याय भारतीय बैठकीचा: जमिनीवर गादी, लोड, तक्के, बाजूला एक बुटका चौरंग. सर्वांत स्वस्त, आणि छत नऊ फुटांचं असलं तरी खोली उंच वाटते. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर घरं बदलणाऱ्या तरुणांनी आधी हाच बघावा. तळमजल्यावर ओल असेल किंवा घरात ज्येष्ठ माणसं असतील तर मात्र नको.

लाकडाचं थोडक्यात. पार्टिकल बोर्ड पोछ्याच्या पाण्यानं फुगतं, आणि एकदा सुटं करून पुन्हा जोडलं की स्क्रू धरत नाही. घर बदलणाऱ्यांनी लांबच राहावं. प्लायवुड घेताना जमिनीलगतच्या भागाला साधं एमआर (नुसता दमटपणा सोसणारं) न वापरता बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारं) वापरा, शिक्का आयएस ३०३ या भारतीय मानकाचा. सागवान उत्तमच, पण बॉक्स दिवाणाला अख्खा सागवान ही हौस आहे, गरज नाही. फोमची ‘डेन्सिटी’, म्हणजे घनमीटरला किती किलो, ते विचारा: रोजच्या बसण्याला ३२ च्या खाली नको, ४० असेल तर चांगलं. मात्र डेन्सिटी जास्त म्हणजे कडक असं नसतं, म्हणून दुकानात पाच मिनिटं बसूनच बघा.

तुर्भ्याच्या आयकियात तयार माल बघता येतो. उल्हासनगर किंवा जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यात तुमच्या मापाचा दिवाण बनवून मिळतो, आणि छोट्या हॉलला अडीच फूट की पावणेतीन फूट यानं फरक पडतो. पैसे देण्याआधी हॉलमध्ये त्या मापाची वर्तमानपत्रं पसरून दोन दिवस त्यांच्या कडेनं वावरा. आणि जिन्याचं वळण मोजा. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर सात फुटांचा अखंड सोफा चढत नाही, दोन तुकड्यांत बनवलेला दिवाण चढतो.