ऐंशी रंगांचा अल्कोहोल मार्कर सेट आणि त्याची टोपणं: काही महिने वापरल्यानंतर

रंगांबद्दल माझी फारशी तक्रार नाही, हे आधीच सांगते. तक्रार टोपणांची आहे. मार्करबद्दल लिहिणारे ब्लेंडिंगवर (म्हणजे दोन शेड एकमेकांत मिसळण्यावर) लिहितात, निबवर लिहितात, शेड किती ते मोजून सांगतात. टोपणाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

सेटचं नाव घेत नाही. असे सेट हव्या त्या नावाने मिळतात आणि अंगकाठी सगळ्यांची सारखीच: चौकोनी दांडा, एका टोकाला ब्रश, दुसऱ्या टोकाला तिरकी चिझेल निब, सोबत चेनची काळी पिशवी. मी स्टॅम्प केलेली चित्रं रंगवून कार्डं करते. चित्रात मुली, आज्या, बाळं असतातच, त्यामुळे स्किन टोनचे दोन-तीन मार्कर सतत हातात आणि बाकीचे पिशवीत आराम करतात. नेमका त्या दोन-तीनांतल्याच एकाच्या टोपणाला उभी चीर गेली. इतकी बारीक की उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नव्हती. एकाच डिझाइनची कार्डं ओळीने मांडून रंगवायला घेतली होती. पहिला गाल छान झाला. पुढच्यावर ब्रश अडखळायला लागला, आणि त्यापुढच्या मुलीच्या गालावर तर उन्हात करपल्यासारखा डाग.

याचं कारण मार्करच्या पोटात आहे. आत धाग्यांचा एकच गाभा असतो आणि दोन्ही निब त्यातूनच शाई ओढतात. त्यामुळे चिझेलचं टोपण नीट बसलं नाही, तरी पलीकडचा ब्रशही वाळतो. अल्कोहोल उडून जातं, रंग मागे राहतो, म्हणून पूर्ण कोरडा पडायच्या आधी मार्कर स्वतःच्याच शेडपेक्षा गडद आणि चिकट चालतो. तुमचा मार्कर अचानक 'डार्क' झाला असेल तर शाईला नावं ठेवण्याआधी दोन्ही टोपणं दाबून बघा. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. माझ्या सेटमध्ये हा आवाज काही मार्करचा येतो, काहींचा येत नाही, आणि काहींचा फक्त एकाच टोकाला येतो.

विक्रेत्याशी चॅटवर बोलले. उत्तर आलं, "मॅडम, मार्कर कन्झ्युमेबल आहे, रिप्लेसमेंट होत नाही." म्हटलं, शाई कन्झ्युमेबल असेल, टोपण कसं? "शाई संपली आहे का मॅडम?" संपली नाही, उडाली. "म्हणजे संपली ना मॅडम?" मग पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. काही महिन्यांपूर्वी उघडलेल्या पार्सलचा! शेवटी फार मेहेरबानी केल्यासारखं त्याच सेटच्या पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन दिलं. म्हणजे आणखी ऐंशी मार्कर, एकशे साठ टोपणं. नको.

मार्कर मात्र फेकला नाही. शाई उडून वाळलेला मार्कर आणि वापरून संपलेला मार्कर यांत फरक असतो. उडालेल्यात रंग आतच असतो, त्यामुळे निबवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब हळूहळू सोडले, टोपण लावून आडवा ठेवला, की तो बऱ्यापैकी परत येतो. संपलेल्यात हेच केलंत तर फिकट पाणी मिळेल. माझा परत आला. चिरेवर टेप गुंडाळली आहे. दिसायला भिकार आहे, पण चालतो.

टोपणांचं अजून संपलेलं नाही. त्यावरचा रंग आतल्या रंगाशी जुळत नाही. 'पीच' म्हणून दिसणारा कागदावर गुलाबी निघतो, आणि पिशवीतले चार हिरवे टोपणावर चार असले तरी कागदावर अडीचच. शिवाय ब्रश कुठल्या बाजूला हे ओळखायची खूण इतकी पुसट की घाईत हमखास चिझेल उघडते. यावर उपाय एकच, स्वतःचा स्वॉच चार्ट, म्हणजे प्रत्येक मार्करचा रंग कागदावर लावून केलेला तक्ता. सेटसोबत छापून येतो त्यावर जाऊ नका. ज्या कागदावर कार्डं करता त्याच कागदावर करा आणि पूर्ण वाळल्यावरच शेड ठरवा. ओला रंग वाळल्यावर उजळतो.

इथवर वाचून सेट टाकाऊ वाटेल. मलाही तसंच वाटत होतं, पण ते कागद बदलेपर्यंत. आधी मी जाड दिसतो म्हणून साधा क्राफ्ट कार्डस्टॉक वापरायचे. जाड असून काय उपयोग? तो शाई नुसती पीत होता आणि कडेने पसरवत होता. नाकाला रंग लावला की ओठापर्यंत जायचा. मग नीना सोलर व्हाइट नावाचा कार्डस्टॉक घेतला, वजनाने ८० पाउंडवाला, म्हणजे २१६ जीएसएम (चौरस मीटरला २१६ ग्रॅम). मार्करच्या ब्लेंडिंगसाठी एक्सप्रेस इट ब्लेंडिंग कार्ड हा कागदही बरेच जण वापरतात. नीनाचा पृष्ठभाग गुळगुळीत, शाई शोषतो पण सगळीकडे एकसारखी शोषतो. आणि हाच स्वस्त सेट, ज्याला मी नावं ठेवत होते, त्यावर लोण्यासारखा चालला. कारण सोपं आहे: अल्कोहोल शाईत दुसरा थर पहिल्याला पुन्हा विरघळवतो, म्हणून दोन शेडमधली रेघ पुसली जाते. पण त्यासाठी पहिला थर थोडा वेळ वरच्यावर ओला राहायला हवा. कागदाने तो आधीच गिळला असेल तर कितीही महागडा मार्कर आणा, पट्टे दिसणारच. चांगल्या कागदावरही रंग रेषेला अगदी भिडवू नका. जरा अलीकडे थांबा, उरलेलं अंतर शाई स्वतः सरकत भरते. त्यामुळे नवीन शिकणाऱ्याला मी आता सांगते, बजेट कमी असेल तर मार्करमध्ये वाचवा, कागदात नाही.

तरीही स्किन टोनसाठी कोपिक या ब्रँडचे सिआओ मालिकेतले मार्कर सुटे घेतलेच: ई००, ई११, ई१३. कोपिक जपानी, १९८७ पासून बाजारात. त्यांच्या स्केच मालिकेत ३५८ रंग, सिआओमध्ये १८०. सिआओचं शरीर बारीक, शाई कमी मावते, निब मात्र स्केचसारखीच सुपर ब्रश. दाबला की वाकतो, उचलला की सरळ होतो. सेटमधला ब्रश काही आठवड्यांतच फिस्कटला होता. पण मला खरं पटलं ते नंबरचं गणित. अक्षर म्हणजे रंगाचं घराणं, ई म्हणजे अर्थ, मातकट रंग. पहिला आकडा रंग किती मळका ते सांगतो, ० म्हणजे चकचकीत आणि ९ म्हणजे राखाडीकडे झुकलेला. शेवटचा आकडा गडदपणा. त्यामुळे ई११ आणि ई१३ एकमेकांत मिसळणार हे टोपण न उघडताही कळतं. सेटमधले नंबर कुणीतरी डोळे मिटून टाकलेत.

आणि हो, सिआओच्या टोपणाला भोक आहे. पहिल्यांदा बघून मी हादरले, म्हटलं इथेही तेच! पण ते लहान मुलाने टोपण गिळलंच तर श्वास चालू राहावा म्हणून ठेवलेलं असतं. आत वेगळी वाटी असते आणि निब तिच्यात घट्ट बसते, हवा लागत नाही. आवाज? दर वेळी 'टक्'.

शाई पुन्हा भरता येते, हा कोपिकचा खरा फायदा. १२ मिलीच्या बाटलीतून एक मार्कर बऱ्याच वेळा भरता येतो. निबही चिमट्याने ओढून काढायची, नवी खोचायची. ज्या शेड मी रोज संपवते त्यांच्यासाठी सुटा मार्कर आणि बाटलीच स्वस्त पडते. जांभळे, टर्क्वाइज आणि कधीमधी लागणारे नारंगी सेटमधलेच पुरतात. अख्खा कोपिकचा डबा घेण्यात मला आजही शहाणपण दिसत नाही. त्यातले निम्मे रंग वर्षभर उघडलेही जात नाहीत.

स्टॅम्पची काळी रेघ पसरते म्हणून मार्करला शिव्या देणाऱ्यांसाठी: आधी स्टॅम्प ज्यावर टेकवता ते इंक पॅड बघा. स्टेझऑन नावाचं पॅड सॉल्व्हंटवर चालतं, अल्कोहोल लागलं की ती रेघ विरघळते आणि गालावर काजळ येतं. मी मेमेंटोचं टक्सीडो ब्लॅक हे पॅड वापरते. घाई असेल तर हीट गन फिरवते, नाहीतर जरा थांबते. रेघ जिथल्या तिथे राहते. एकदा रेघ विरघळली की तो काळपट ब्रशलाही लागतो आणि पुढच्या कार्डावर उतरतो, म्हणून मार्कर परत ठेवण्याआधी रद्दी कागदावर पुसून घेते.

फ्रेम करून भिंतीवर लावायचं असेल तर मात्र या शाईच्या भरवशावर राहू नका, मग कोपिक असो की आणखी काही. या शाया डायच्या असतात, उजेडात उडतात. पाकिटात जाणाऱ्या कार्डाला काही होत नाही.

आता प्रश्न ग्रेचा आहे. सेटमधले सगळे ग्रे निळसर पडतात, त्यामुळे पांढऱ्या फ्रॉकची सावली आजारी दिसते. कोपिकचे वॉर्म ग्रे घ्यायचे आहेत, डब्ल्यू१, डब्ल्यू३ आणि डब्ल्यू५. तिन्ही एकदम घेणार नाही. आधी डब्ल्यू३, तो या सेटच्या फिकट ग्रेशी मिसळतो का ते बघते, मिसळला तर डब्ल्यू१ वाचला.