ऑ साबलवर रात्रीची होडी: ग्रेलिंगच्या गाइड फेरीबद्दल

मिशिगनमध्ये 'अप नॉर्थ', म्हणजे राज्याच्या उत्तर भागात, जाणारे आपले बरेच लोक मॅकिनॉला जाऊन फज नावाची मिठाई घेऊन परत येतात. वाटेत आय-७५ महामार्गावर ग्रेलिंगची पाटी लागते, तिथे मात्र कुणी उतरत नाही. या गावातून ऑ साबल नदी वाहते आणि जूनच्या अखेरीला तिथले गाइड रात्री लाकडी होडीतून ट्राऊटच्या मासेमारीला नेतात. यंदा मी आणि माझे दीर अशा फेरीला गेलो. दोघांचे मिळून ४५० डॉलर झाले, टीप वेगळी. जेवण सोडलं तर पै न् पै वसूल झाली, असं माझं मत आहे.

भावजी बरीच वर्षं फ्लाय फिशिंग करतात, म्हणजे किड्यासारखी दिसणारी कृत्रिम माशी दोरीने पाण्यावर फेकून मासे पकडतात, आणि मी त्यांच्याच हाताखाली शिकले. पण माझा सगळा सराव दिवसाउजेडी, गुडघाभर पाण्यात उभं राहून केलेला. म्हणजे होडीत एक मुरलेला माणूस होता आणि एक बेताची. दोघांनाही रात्र पुरली, हे गाइडचं कौतुक.

सगळ्यात आधी होडीबद्दल लिहायला हवं, कारण अशी होडी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. लांबी २४ फुटांच्या आसपास, रुंदी जेमतेम तीन फूट, तळ सपाट. लाकूडतोडीच्या काळात याच नदीवर सामान वाहायला अशा होड्या वापरायचे. पुढे एक जण बसतो, मध्ये दुसरा, आणि गाइड अगदी मागे हातात लांब काठी घेऊन. वल्हं नाही, मोटर नाही. मागच्या बाजूने पाण्यात लोखंडी साखळी सोडलेली असते. ती तळावरून घासत येते, त्यामुळे होडी प्रवाहापेक्षा हळू चालते आणि नाक सरळ राहतं. साखळी खड्यांवर आली की होडीच्या लाकडातून खडखड थेट मांडीपर्यंत जाणवते. वाळूवर आली की नुसती खसखस, आणि गाळावर काहीच नाही. अंधार पडल्यावर गाइड या आवाजावरूनच सांगत होता की आपण कुठल्या वळणावर आहोत. मला तर त्या साखळीसाठीच पुन्हा जावंसं वाटतं.

नदीही तशीच वेगळी आहे. इथली जमीन हिमनदीने आणून टाकलेल्या वाळूची. पावसाचं, बर्फाचं पाणी तिच्यात मुरतं आणि झऱ्यांवाटे वर्षभर नदीत येत राहतं. म्हणून पूर क्वचित येतो, पाणी नितळ राहतं आणि उन्हाळ्यातही गार असतं. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर गेलं की ट्राऊटची दमछाक होते, त्यामुळे त्यांना अशाच नद्या लागतात. बर्टन्स लँडिंगपासून वेकली ब्रिजपर्यंतच्या जवळपास नऊ मैलांना इथले लोक 'होली वॉटर' म्हणतात. तिथे फक्त कृत्रिम माशीने मासे पकडायचे आणि सगळे सोडून द्यायचे, असा नियम आहे. ट्राऊट अनलिमिटेड ही संस्थासुद्धा १९५९ साली याच नदीकाठी, जॉर्ज ग्रिफिथ यांच्या घरी सुरू झाली. ही काळजी उगाच आलेली नाही. गावाला ज्या माशाचं नाव आहे तो ग्रेलिंग इथे खच्चून होता. पाइनची जंगलं तोडून ओंडके नदीतून सोडले, अंडी घालायच्या जागा गाळाने भरल्या, वर लोकांनी बेसुमार मासे मारले, आणि १९३० च्या दशकात तो मिशिगनमधून संपला. आज आपण जो ब्राउन ट्राऊट पकडतो तो बाहेरचा पाहुणा. जर्मनीहून आलेल्या अंड्यांतली पिल्लं १८८४ मध्ये मिशिगनमधल्याच पेर मार्केट नदीच्या खोऱ्यात सोडली होती. गाइडने हे सगळं होडी पाण्यात ढकलायच्या आधी, गाडीच्या टपाला टेकून सांगितलं. ग्रेलिंगबद्दल बोलताना त्याचा आवाज उतरला होता. मला तो माणूस तिथेच आवडला.

जूनची अखेर कशासाठी? हेक्ससाठी. हेक्साजीनिया नावाचा हा मेफ्लाय जातीचा किडा एक-दोन वर्षं नदीच्या गाळात बीळ करून अळीच्या रूपात राहतो. मग एखाद्या उबदार, दमट रात्री वर येतो, कात टाकतो आणि उडतो. पंख फुटल्यावर त्याला काही खाता येत नाही. जोडी जमवायची, अंडी घालायची, की एक-दोन दिवसांत खेळ खलास. पण ते मोठे किडे पाण्यावर पडायला लागले की वर्षभर ओंडक्यांखाली दडून राहणारे मोठे ब्राउन ट्राऊट बाहेर येतात. हेक्सला गाळ लागतो, म्हणून आम्हाला वेकली ब्रिजच्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, नदी रुंद आणि संथ होते तिथे नेलं.

तिकडे जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. उजेड होता तोवर गाइडने मला फेकायचा सराव करायला लावला आणि दोरी किती बाहेर ठेवायची ते ठरवून दिलं. मग पडलेल्या सीडारच्या खोडासमोर त्याने काठी वाळूत रोवली, होडी थांबवली आणि दिवे बंद करायला सांगितले. पाण्यावर उजेड पाडायचा नाही, ही त्याची एकमेव कडक ताकीद.

मग बराच वेळ काही नाही. व्हिपरविल पक्षी ओरडत होता आणि डास फोडून खात होते. दहानंतर डोक्यावर घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. बाहीवर, चष्म्यावर, केसांत किडे येऊन बसू लागले, बोटाच्या पेराहून मोठे. आणि पाण्यात आवाज.

"वहिनी, डावीकडे छपाक वाजलं ना, तो लहान आहे, सोडा त्याला," भावजी कुजबुजले. "खोडाच्या पलीकडे ऐका. उचकी दिल्यासारखं काहीतरी."

ऐकू आलं. मोठा मासा गडबड करत नाही. तोंड उघडतो, किडा आत घेतो, बस. गाइडने मला फेकूच दिलं नाही. आधी तीनदा ऐक, म्हणाला, दोन घासांमध्ये किती वेळ जातो ते मोज. मग हातभर दोरी वाढवून फेकायला सांगितलं. माशी दिसत नाहीच. ती जिथे असायला हवी तिथे आवाज झाला की रॉड उचलायचा, एवढाच हिशोब. पहिल्या फेकीला काही नाही, दुसऱ्या फेकीला काही नाही, आणि मग तो आवाज बरोब्बर तिथे आला. रॉड उचलला तर टोक खाली ओढलं गेलं. मासा खोडाकडे धावला, गाइड शांतपणे 'उजवीकडे, उजवीकडे' म्हणत राहिला आणि शेवटी त्याने जाळं खाली घातलं.

जाळं त्याने पाण्यातच ठेवलं. हात आधी ओले करून घे म्हणाला, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. लाल दिव्यात रंग कळत नाहीत, म्हणून नदीकडे पाठ करून क्षणभर पांढरा दिवा लावला. १८ इंच. लोण्यासारखं पिवळं पोट, पाठीवर काळे ठिपके, आणि कुशीला मोजके लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच चेपलेला असल्यामुळे माशी चटकन सुटली. मासा तोंड प्रवाहाकडे करून धरला, कल्ले दोन-चारदा हलले आणि तो माझ्या हातातून निघून गेला. भावजींना नंतर याहून मोठा मिळाला. तो त्यांनी कुणाची मदत न घेता काढला.

आता उणं. जेवण म्हणून गार सँडविच आणि चिप्स. शाकाहारी माणसाच्या वाट्याला नुसतं चीज आणि पाव, तेव्हा डबा आपला न्या. बसायची फळी कडक आहे, पाठ दुखत असेल तर उशी हवीच. लहान मुलांना नेऊ नका. पाच तास गप्प बसणं त्यांच्यावर अन्याय आहे. बायकांनी निघायच्या आधी लँडिंगवरचं, म्हणजे होडी सोडतात त्या घाटावरचं, शौचालय वापरून घ्यावं. सांगितलं तर गाइड होडी काठाला लावतो, पण अंधारात त्या चिखलात उतरणं सोपं नाही. डासांसाठी डीट असलेलं मलम लावाच, मात्र तळहात पुसून टाका. डीटने फ्लाय लाइनवरचा थर खराब होतो. आमच्या गाइडने त्यासाठी ओला फडका तयारच ठेवला होता.

मासे सोडून देणार असलात तरी १७ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला मिशिगनचं लायसन्स लागतं. एका फेरीपुरतं २४ तासांचं पुरतं, ऑनलाइन मिळतं.

अजून एक गोष्ट बुकिंगच्या आधी पक्की समजून घ्या. रात्र गार पडली तर हेक्स निघत नाहीत आणि तरीही पूर्ण पैसे द्यावे लागतात. आमच्या गाइडने हे फोनवरच स्पष्ट सांगितलं आणि मला ते रास्त वाटतं. किडे निघोत न निघोत, तो माणूस मध्यरात्रीपर्यंत काठी रेटतोच. सलग दोन रात्री घेणं परवडत असेल तर दोन घ्या. एकच परवडत असेल तर तारीख जूनच्या शेवटच्या दिवसांतली मागा, आणि फोन लवकर करा. या दिवसांची मागणी मोठी असते आणि एका होडीत दोघांपलीकडे कुणाला बसवत नाहीत.