नौपाड्यातला 1984 सालचा फ्लॅट : 14 महिने राहून झाल्यावर

लिफ्ट नाही, तिसरा मजला, बिल्डिंग 1984 ची. हे तिन्ही माहीत असून घेतलं, त्यामुळे त्याबद्दल रडणार नाहीये (सासूबाईंच्या गुडघ्यांचं खाली येईलच). मागच्या एप्रिलमध्ये राहायला आलो, एक अख्खा पावसाळा, दहीहंडी, दिवाळी पहाट, उन्हाळा सगळं बघून झालंय आणि दुसरा पावसाळा दारात उभा आहे. ठाण्यात किंवा कुठल्याही जुन्या वस्तीत रीसेल बघताय त्यांच्यासाठी लिहितेय, जरा लांबलंय, चालवून घ्या.

आधी कासारवडवलीला टॉवरमध्ये 19व्या मजल्यावर भाड्याने होतो. स्विमिंग पूल, क्लबहाऊस, सगळा थाट, आणि चार वर्षांत मी पुलात उतरले दोनदा. नवरा ऑफिसला फोर्टात, घोडबंदर रोडवरून ठाणे स्टेशनला पोचेपर्यंतच त्याचा निम्मा जीव जायचा, एकदा तर रस्त्यात ट्रक अडकला म्हणून मागे रांग लागली आणि हा दोन तासांनी वैतागून घरी परत. आता दार ओढलं की 11 मिनिटांत प्लॅटफॉर्मवर. ते पण मागच्या गल्ल्यांतून, कारण संध्याकाळी गोखले रोडने चालत यायचं म्हणजे दर चार पावलांवर कुणाची तरी पिशवी गुडघ्यात. स्टेशनसाठी घर घेतलं आणि त्या एका बाबतीत पैसे वसूल, यात दुमत नाही.

बाकीच्या बाबतीत मात्र आम्ही बावळटपणा केला. घर चार वेळा बघितलं, चारही वेळा रविवारी 11 वाजता, कारण ब्रोकरला तीच वेळ जमायची. रविवारी 11 ला नौपाडा इतका गुणी वाटतो ना! गल्लीत पार्किंगला जागा, खालून कांदेपोह्यांचा वास, कुणाच्या तरी घरातून पेटीचा आवाज. मंगळवारी रात्री 8 ला एकदा जरी आलो असतो तरी कळलं असतं की आमच्या कारला इथे जन्मात जागा मिळणार नाही. P1-P2 च्या पाट्या आहेत, कुठल्या तारखेला कुठली बाजू हे पाठ करून पण दोनदा टोइंगवाले घेऊन गेले. शेवटी डिसेंबरमध्ये कार विकली, स्कूटर ठेवली, आणि खरं सांगू, नंतर कारची आठवणसुद्धा आली नाही.

घर बघताना माझा दीर बरोबर होता, तो साइटवर सुपरवायझर आहे. त्याने रुपयाचं नाणं घेऊन सगळ्या भिंती ठोकून बघितल्या, पोकळ वाजलं की प्लास्टर सुटलंय. खाली पार्किंगमधले कॉलम, छज्ज्याच्या खालून सळया दिसतायत का, टाकीला ओल आहे का, सगळं पाहिलं. घराला आतून ताजा रंग होता. (रीसेलच्या घराला नवा रंग दिसला की आता मला आधी संशय येतो.) जे कोणीच बघितलं नाही ते म्हणजे आमच्या बाथरूमच्या खालचं छत. राहायला येऊन आठ दिवस झाले आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका बेल वाजवून उभे, हातात मोबाइल, त्यात फोटो. त्यांच्या मोरीवरचा स्लॅब नकाशासारखा पिवळा पडलेला आणि मध्ये एक सळई उघडी. शांतपणे म्हणाले, "तुम्हाला माहीत नसेल, पण हे तीन वर्षांपासून आहे. आधीच्यांना सांगून सांगून थकलो."

म्हणजे घराबरोबर आम्ही गळती पण विकत घेतली होती. सोसायटीच्या उपविधीप्रमाणे गच्चीची गळती, बाहेरच्या भिंती, कॉमन पाइप हे सोसायटीने बघायचं, पण आपल्या संडास-बाथरूममधून खाली गळत असेल तर खर्च आपला. फरशी फोडली तेव्हा नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालचा भाग) भोवतीचं काँक्रीट हाताने भुगा होत होतं, जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप प्लंबरने नुसता दाबला तर पापुद्र्यासारखा सुटला, आतली पाणी जायची वाट करंगळी जाईल न जाईल एवढी उरलेली. गंज, दुसरं काय. सगळे पाइप बदलले, ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा, पाणी अडवणारा थर) नव्याने, पावणेदोन लाख गेले आणि 19 दिवस आंघोळीला समोरच्यांच्या घरी. घर बघायला जाल तेव्हा आणखी काही नाही केलंत तरी चालेल, पण खालच्या मजल्यावरची बेल वाजवा आणि "तुमचं छत बघू का?" म्हणून विचारा.

कागदांचं थोडक्यात. मूळ करार 1984 चा, पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, बघून मी घाबरलेच. वकील म्हणाले घाबरू नका, फ्लॅटच्या करारावर खरेदीखतासारखी स्टॅम्प ड्युटी 10 डिसेंबर 1985 पासून लागली, त्याच्या आधीच्या करारांना तेवढंच चालायचं. त्यानंतरची प्रत्येक विक्री मात्र नीट स्टॅम्प भरून रजिस्टर झालेली हवी, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा) काढून साखळी जुळवून बघा. आम्हाला ठाण्यात 7 टक्के स्टॅम्प ड्युटी आणि 30 हजार रजिस्ट्रेशन पडलं. फक्त बायकांच्या नावावर घर असेल तर एक टक्का वाचतो, आमचं दोघांच्या नावावर असल्यामुळे ती सवलत गेली, हे आम्हाला चलन भरायच्या आदल्या दिवशी कळलं! बँकेने बिल्डिंगचं वय बघून 20 वर्षांचं लोन 15 वर केलं, हप्ता वाढला. सोसायटीने ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नावावर करून द्यायचे पैसे) आणि शिवाय "डेव्हलपमेंट फंडाला देणगी" म्हणून लाखभर मागितले, 25 हजारांच्या वर घेता येत नाही हे पत्रात लिहून दिल्यावर विषय बंद झाला आणि सेक्रेटरी दोन महिने जिन्यात माझ्याशी बोलले नाहीत. आता बोलतात.

मुख्य गोष्ट आता. आम्हाला घर विकलं गेलं ते "रीडेव्हलपमेंट होणारच, दोन वर्षांत डबल" या एका वाक्यावर. ब्रोकरने ते इतक्या वेळा म्हटलं की आम्ही मनात नवीन किचनच्या टाइल्स पण निवडल्या होत्या. आल्यावर एका रविवारी नवऱ्याने टेप लावून गल्ली मोजली, साडेसहा मीटर. डिसेंबर 2020 पासून जी बांधकाम नियमावली आहे तिच्यात 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसरीकडच्या जागेचा बांधकाम हक्क घेऊन इथे जास्त बांधायची सोय) वापरता येत नाही, आणि टीडीआर नाही तर बिल्डरला त्यात काय उरणार? रस्ता रुंद होईल, सगळ्यांनी थोडी थोडी जागा सोडली की होईल, असं सगळे म्हणतात. जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, अजून झालेलं नाही, मालमत्ता पत्रकावर मूळ जमीनमालकाचंच नाव. डीम्ड कन्व्हेयन्सचा (मालकाने करून दिलं नाही तर सरकारकडून करून घ्यायचं) अर्ज करायचा ठराव 2019 चा आहे, अर्ज अजून टाइप व्हायचाय.

सगळ्यात वाईट भाग वेगळाच. "पाडायचीच आहे" म्हणून कोणी खर्च करत नाही. जुलैमध्ये आमच्या हॉलच्या कोपऱ्यात पाणी टपकायला लागलं, मीटिंगमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन ठेवलं तर एकजण म्हणाले, "अहो, पाडायच्या बिल्डिंगला कोण कोबा करतं?" आणि साडेतीन हजारांची निळी ताडपत्री आणली. ती पहिल्याच वाऱ्यात उडून शेजारच्या बिल्डिंगच्या आंब्यावर बसली. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं, आमचं शेवटचं 2016 चं. मागे लागून लागून जानेवारीत करून घेतलं, सी-2बी आलं, म्हणजे घर रिकामं न करता दुरुस्ती करा. 12 घरांतल्या पाच जणांचा चेहरा पडला, त्यांना सी-1 हवं होतं! धोकादायक ठरली असती तर फाइल पळाली असती म्हणे. रात्री झोपताना हे आठवतं मला कधीकधी. रीडेव्हलपमेंटच्या भरवशावर घेऊ नका, आहे त्या अवस्थेत दहा वर्षं काढता येतील का एवढंच बघा, जमत असेल तर घ्या.

वस्तीचं म्हणाल तर पाणी आमच्या गल्लीत तुंबत नाही, पण वंदना टॉकीजजवळ तुंबतं हे ठाणेकरांना सांगायला नको, त्या दिवशी रिक्षावाला तिकडे यायलाच तयार नसतो. आवाज भरपूर. दहीहंडीला खिडकीच्या काचा थरथरतात, दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर पहाटेपासून जी तरुण पोरांची गर्दी लोटते ती सगळी नटूनथटून आमच्या गल्लीतून जाते, मागच्या वर्षी मी पण उटणं अर्धवट टाकून खाली उतरले बघायला. रोजचं म्हणजे कबुतरं. समोरच्या आजी दाणे टाकतात, आमच्या एसीवर विष्ठेचा थर. जाळी लावलीय. आजींना सांगायची हिंमत अजून झालेली नाही, कारण तापाने पडले होते तेव्हा चार दिवस मऊ भात त्यांच्याच घरून आला होता.

गुडघे. सासूबाई 71 च्या, पहिले दोन महिने आठवड्यातून एकदाच खाली उतरायच्या, मला फार अपराधी वाटायचं. टॉवरमध्ये लिफ्ट होती पण खाली उतरून बोलायचं कोणाशी, हा प्रश्न होता. इथे एक दिवस दुसऱ्या मजल्याच्या वळणावर लाल प्लास्टिकची खुर्ची दिसली. तेच गळतीवाले काका, "वहिनींना मध्ये दम खायला" म्हणून ठेवली. आता त्या रोज संध्याकाळी घंटाळी देवीला जाऊन येतात, येताना त्या खुर्चीत पंधरा मिनिटं बसतात, तोवर काकू दार उघडून भाजी निवडत बसलेल्या असतात, आणि वरून मला फक्त दोघींचा आवाज येतो. परवा फायर सेफ्टीचं कारण काढून सेक्रेटरींनी जिन्यातलं सामान हलवायची नोटीस लावलीय, चपलांचे स्टँड, सायकल, कुंड्या. खुर्ची यादीत आहे की नाही यावर रविवारी मीटिंग आहे, कोबा पण अजेंड्यावर आहे, पण जास्त वेळ कशाला जाणार ते आत्ताच माहितीय.