ओपनईटी: शेतातून किती पाणी उडालं ते सांगणारी फुकट सेवा, वापरावी का?

मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या बाजूला बदामाच्या बागांचं पाणी बघतो. २०१४ च्या भूजल कायद्यापासून इथे बोअरमधून किती उपसलं याचा हिशोब द्यायची वेळ आलीये, त्यामुळे ओपनईटी कसं आहे असं बरेच जण विचारतात. माझं सरळ मत, जरूर वापरा, फक्त सीझनच्या हिशोबाला वापरा, उद्या पाणी किती तास सोडायचं ते यावरून ठरवू नका.

ऑक्टोबर २०२१ मध्ये हे सुरू झालं, नासा, डेझर्ट रिसर्च इन्स्टिट्यूट वगैरे मंडळींनी मिळून, सगळी आकडेमोड गुगल अर्थ इंजिनवर चालते. नकाशा उघडा, शेतावर क्लिक करा, जमिनीतून आणि पानांतून मिळून महिन्याला किती पाणी उडालं त्याचा ग्राफ समोर येतो, मागच्या वर्षांचा पण.

आता सॅटेलाइटला काही वाफ दिसत नाही, तो बघतो जमिनीचं तापमान. माठ पाझरतो म्हणून गार राहतो, तसंच पाणी मिळालेलं झाड गार असतं. उन्हातून आलेल्या ऊर्जेतून माती तापायला गेली ती आणि हवा तापायला गेली ती वजा करायची, उरली ती पाणी उडवण्यात गेली. लँडसॅट ८ आणि ९ हे दोन अमेरिकी सॅटेलाइट मिळून आठ दिवसांतून एकदा वरून जातात, मधले दिवस ऊन, वारा, आर्द्रता यांच्या रोजच्या डेटावरून भरून काढतात.

ओपनईटी हा हिशोब सहा वेगवेगळ्या पद्धतींनी, म्हणजे मॉडेलांनी करतं आणि त्यांची सरासरी देतं. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की सरासरीसोबत सहाही मॉडेलचे आकडे वेगवेगळे बघता येतात. जुलैत बदामाची साल फुटायला लागली की आम्ही मुद्दाम पाण्याचा ताण देतो, झाड हिरवंच दिसतं पण पितं कमी. सिम्स नावाचं मॉडेल हिरवेपणावर चालतं म्हणून त्याचा आकडा वरच राहतो, आणि ईईमेट्रिकसारखी तापमान बघणारी मॉडेलं खाली येतात. त्या दोन रेषांमधलं अंतर म्हणजे ताण बसतोय का त्याचा पुरावाच, नुसत्या सरासरीवर थांबलात तर हे हातातून जातं.

अचूकतेचं म्हणाल तर २०२४ मध्ये किती पाणी उडालं ते जमिनीवरून मोजणाऱ्या दीडशेच्या आसपास केंद्रांशी ताडून बघितलेला अभ्यास आला, त्यात पिकांच्या जमिनीवर महिन्याला साधारण १६ मिमीची चूक निघाली, म्हणजे १७ टक्के. १ मिमी म्हणजे एकरी ४,००० लिटर, त्यामुळे एकेका महिन्याच्या आकड्यावर विसंबू नका, मातीतला ओलावा बघाच. हिवाळ्यात इथे दाट धुकं बसतं तेव्हा फोटोच नीट मिळत नाहीत. शिवाय थर्मल, म्हणजे तापमानाच्या फोटोचा एकेक ठिपका मुळात १०० मीटरचा, तो ३० मीटरपर्यंत बारीक केलेला असतो, त्यामुळे अरुंद प्लॉटच्या कडेला शेजारचा रस्ता मिसळतो. आणि ठिबकची नळी फुटून खाली मुरलेलं पाणी यात येत नाही, ते मीटरवरच बघावं लागतं.

निफाडला आमच्या भावाची द्राक्षबाग आहे, त्याला हे हवंय पण तिथे ओपनईटी चालत नाही. एफएओचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचं, वापोर नावाचं असंच साधन भारतासाठी फुकट बघता येतं, दर दहा दिवसांचा आकडा मिळतो, पण नकाशातली एकेक चौकट ३०० मीटरची, म्हणजे २२ एकरांना एकच आकडा! ओपनईटीची चौकट साधारण ९ गुंठ्यांची. त्याच्या दोन एकरांचं वापोरमध्ये काहीच कळत नाही, कालव्याच्या अख्ख्या लाभक्षेत्राचा अंदाज घ्यायला मात्र ते चांगलं आहे. खरं तर लँडसॅट निफाडवरूनही जातो आणि त्याचा डेटा सगळ्यांना फुकट आहे, राहुरीसारख्या कृषी विद्यापीठाने हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. पावसाळ्यात ढगांमुळे अडेल हे मान्य, पण ऑक्टोबर छाटणीनंतर आकाश मोकळं होतं आणि द्राक्षाच्या पाण्याचा हिशोब तेव्हाच तर लागतो.