बर्कहॅमस्टेड की थेटफर्ड? मातीचा नॉर्मन किल्ला बघायला कुठे जायचं

लंडनहून एका दिवसात जाऊन यायचं असेल आणि 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांनी तिथे जागोजागी जे मातीचे किल्ले उठवले त्यातला एक नीट समजून घ्यायचा असेल तर माझं मत सरळ बर्कहॅमस्टेडला. पण थेटफर्डच्या टेकाडाखाली उभं राहून ज्याने वर बघितलंय त्याला हे पटणार नाही, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

रायगड-राजगड बघितलेल्या माणसाला दोन्हीकडे आधी प्रश्न पडतो, किल्ला आहे कुठे? तेव्हा बुरूज शोधत बसू नका, खंदक बघा. खंदक खणायचा, निघालेली माती ठोकून ठोकून टेकाड करायचं, वर लाकडी मनोरा, खाली कुंपण घातलेलं मोठं आवार जिथे माणसं, घोडे, धान्य सगळं. लाकूड गेलं, माती राहिली.

बर्कहॅमस्टेडमध्ये ही सगळी मांडणी एका नजरेत कळते आणि मला तेच सगळ्यात आवडतं. टेकाड साधारण 12 मीटर, पायऱ्या आहेत, वर गेलात की आवाराचा आकार आणि भोवतीचे दुहेरी खंदक स्पष्ट दिसतात. आवाराच्या कडेने नंतरच्या दगडी भिंतींचे तुकडे आहेत, जवळ जाऊन बघा, बाहेरचे घडीव दगड लोकांनी केव्हाच काढून नेलेत आणि आतली गारगोटी नि चुन्याची भर तेवढी उघडी पडलीये. 1216 मध्ये फ्रान्सच्या राजपुत्र लुईने वेढा घालून साधारण दोन आठवड्यांत किल्ला घेतला, ते सगळं या खंदकाकडे बघत डोळ्यांसमोर आणता येतं. लंडनच्या युस्टन स्टेशनहून ट्रेन पाऊण तासाच्या आत पोचते आणि किल्ला स्टेशनला अगदी चिकटून, कारण रेल्वेचा भरावच बाहेरच्या तटबंदीवर आलाय. 1833 च्या रेल्वे कायद्यात किल्ल्याला संरक्षण होतं म्हणून आतला भाग तरी वाचला! एंट्री फ्री, पण संध्याकाळी गेट बंद होतं, हिवाळ्यात तर लवकरच, त्यामुळे दुपारनंतर निघू नका.

थेटफर्ड पूर्व इंग्लंडातल्या नॉरफोकमध्ये, लंडनहून ट्रेनने जवळजवळ दोन तास, केंब्रिज किंवा ईलीला गाडी बदलावी लागते. इथे दगडी भिंत एकही नाही, पण टेकाड सुमारे 19 मीटर, चुनखडीच्या मातीचं आणि इतकं उभं की पायऱ्या चढताना गुडघे बोलायला लागतात, वर हत्यारबंद पहारा असेल तर खालून चढणाऱ्याचं काय होत असेल हे आपोआप समजतं. बाजूचे उंच बांध तर नॉर्मन लोकांच्याही आधीचे, लोहयुगातले, ते यांनी आयते वापरले. बिगॉड या सरदार घराण्याने बंड केलं म्हणून 1173 मध्ये राजा दुसऱ्या हेन्रीने हा किल्ला पाडला. आता सार्वजनिक बाग आहे, तिकीट नाही.

लहान मुलं, आईबाबा सोबत असतील तर बर्कहॅमस्टेडच, तिथे टेकाड नाही चढलं तरी आवारात फिरून बरंच बघून होतं, थेटफर्डला न चढता मजा अर्धीच. एकटे किंवा मित्रांबरोबर असाल, पाय धड असतील आणि पूर्ण दिवस हातात असेल तर मात्र थेटफर्ड जरूर करा, पाऊस पडून गेलेला असेल तर ग्रिपवाले बूट घाला, उतार निसरडा होतो. शिवाय तिथे नदीतल्या बटन आयलंडवर पंजाबच्या शीख राज्याचे शेवटचे महाराजा दुलीप सिंग यांचा घोड्यावरचा पुतळा आहे, आणि गाडी असेल तर त्यांची समाधी जवळच एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात आहे.